भागाबाईचा सवाल

आमच्या घरात देव्हारा नव्हता आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान. ज्या कोनाड्यात आज्याच्या वेळी देव बसलेले असत, तिथे माय मिठाची बरणी ठेवायची. पाहुणा जेवायला बसला की बाबा मुद्दाम म्हणायचे, "जना, मीठ आन वं जरा," आणि पाहुण्याची नजर त्या कोनाड्याकडे गेली की मिशीतल्या मिशीत हसायचे. मग गोष्ट ठरलेली. बाबा लहान असताना वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आज्याने घरातले देव टोपलीत भरून बाबांच्या डोक्यावर दिले. शेंदूर फासलेला दगडाचा तांदळा, पितळेचे टाक, मोरपिसांचा कुंचा. बापलेक नाल्याच्या डोहावर गेले आणि टोपली पालथी केली. "मी काठावर बसून पाह्यत राह्यलो," बाबा सांगायचे, "म्हटलं देव हाये, एखादा बुडबुडा तं सोडन. एक नाई आला." पाहुणा हसायचा, आम्ही हसायचो, आणि माय चुलीपुढून भाकर थापता थापता म्हणायची, "मोरपिसं तं वर आली असतीन ना? थे काहून नाई सांगत?"

माय तशीच होती, तोंडाची पक्की. मी तिखट बोलते असं माझ्या सुना म्हणतात. त्यांनी माझी माय ऐकायला पाहिजे होती. ती चुलीशी बोलायची, आभाळाशी बोलायची, कोंबड्यांशी तर भांडायचीच. एक कोंबडी वाकडी चालायची, तिला माय माझ्या आत्याच्या नावाने हाक मारायची, आणि आत्या घरी आली की त्या बिचाऱ्या कोंबडीला दिवसभर डालीखाली झाकून ठेवायची, न जाणो तोंडातून नाव निघालं तर. आमचं गाव अनसिंगच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. आमची वस्ती गावाच्या उताराला, नाल्याकडे तोंड करून. सकाळी मला जाग यायची ती भाकरीच्या थापटण्याने आणि मायच्या बडबडीने. तिच्या हातची अंबाडीची भाजी, त्यात ज्वारीच्या कण्या, वरून लसणाचं कडकडीत तेल. तशी भाजी मी आयुष्यभर करून पाहिली, जमत नाही. मला वाटतं तिच्या भाजीत तिचं बोलणं पडत असेल.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये पऱ्हाटीचा कुड होता. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटून आणायची, उभी बांधायची, वरून शेणमाती लिंपायची, झाली भिंत. त्या कुडाला मधोमध एक फट होती, माणूस अंग चोरून निघेल एवढी. तिच्यातून विस्तव जायचा, ताकाचा गडवा यायचा, भांडणंही यायची. कुडापलीकडे भागाबाई राहायची. नात्याने आमची कोणी नाही, वयाने आजीएवढी, नवरा वारलेला, लेक अकोल्याला. वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली.

भागाबाईचं आणखी एक काम होतं, दीक्षेच्या आधीचं. वस्तीत कोणा बाईच्या अंगात आलं की सवाल विचारायला तिलाच बोलावत. केस सोडून घुमणाऱ्या बाईपुढे ती मांडी घालून बसायची, तिच्या कपाळाला कुंकू लावायची आणि सावकाश विचारायची, "कोन हायेस तू माय? कायले आली? काय पाह्यजे तुले?" मग देवी बोलायची. कधी लुगडं मागायची, कधी गोडाचं जेवण. कधी म्हणायची, हिचा नवरा हिला मारतो, त्याला सांगा, नाहीतर घरावर कोप करीन. नवरे मुकाट्याने ऐकायचे. बाईचं नव्हे, देवीचं. मायचं माहेर कारंजाकडचं धनज, तिथलीही अशीच गोष्ट ती सांगायची. "एका बाईच्या देवीनं तं सांगतलं का इले दिवाळीले माहेरी धाडा. आता देवीले कायचं व माहेर?" आणि पदर तोंडाला लावून हसायची. दीक्षेनंतर हे सगळं बंद झालं, आणि बंद झालं ते बरंच झालं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. बायकांनी केस मोकळे सोडून घुमावं आणि वरच्या आळीतल्यांनी तमाशा बघावा, यात कसली अब्रू? पण देवीबरोबर तो सवालही वस्तीतून गेला, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. बाईला समोर बसवून, तुला काय पाहिजे, असं विचारणारं मग कोणीच उरलं नाही.

मी सातवीत होते तेव्हा माझा भाऊ झाला. बाबांनी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, आनंद. असलं नाव ठेवायला वेळ पण काय निवडली. बाळंतपण भागाबाईनेच केलं, सुखरूप झालं, वस्तीत जिलबी वाटली. आणि माय बोलायची थांबली. एकदम नाही. आधी कोंबड्यांशी बोलणं गेलं. मग बाबांना टोमणे मारणं गेलं. एक दिवस मी शाळेतून आले तर तव्यावर भाकर जळून कोळसा झाली होती आणि माय तिच्याकडे पाहत बसली होती. घरभर धूर, तिच्या डोळ्यांतून पाणी, पण हलली नाही. "माय, भाकर," मी म्हटलं. "हो," ती म्हणाली, "भाकर हाये." आनंद रडून रडून निळा व्हायचा तेव्हा कुठे ती त्याला उचलायची, आणि पाजताना भिंतीकडे बघायची. भाजी अळणी होऊ लागली. कोनाड्यात बरणी भरलेली, आणि भाजीत मीठ नाही. बाबा काही न बोलता उठायचे आणि वरून घ्यायचे.

अनसिंगच्या डॉक्टरने लाल औषधाची बाटली दिली, अंगात रक्त कमी आहे म्हणाला. असेलही. दुसऱ्या कोणाच्या घरी असती तर बाहेरचं झालं म्हणून मांत्रिकाकडे नेली असती, लिंबू उतरवलं असतं. आमच्यात ते नव्हतं. पण मांत्रिक नाही तर मग कोण, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांना एकच औषध ठाऊक. "मन घट कर जना," ते म्हणायचे. "आपल्या मानसावर काय काय गुदरलं. आपन रडत बसलो का?" ते वाईट माणूस नव्हते, हे आत्ताच लिहून ठेवते, पुढे तुम्ही त्यांच्यावर रागवाल म्हणून. आनंदची दुपटी तेच धुवायचे, लोकांनी बघू नये म्हणून झुंजुमुंजू असताना. मायच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे. पण तिच्यासमोर बसून दोन शब्द विचारावेत, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आजकाल माझ्या मोबाइलवर सुद्धा बाळंतपणातल्या नैराश्यावर माहिती येते, तीही मराठीत. मी ती वाचते आणि मोबाइल पालथा ठेवते.

त्या वर्षीचा वर्षावास लागला. पावसाळ्याचे ते महिने आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं, अजूनही चालतं. तेव्हाचा विहार म्हणजे टिनाचं छप्पर आणि शेणाने सारवलेली भुई. माणसं एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, सगळ्यांचे कपडे पांढरे. वाचायला बाबा. त्यांचा आवाज भारदस्त, टिनावर पाऊस वाजत असला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. त्या संध्याकाळी वाचन नेमकं दुःखावर आलं होतं. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण आहे म्हणजे उपाय आहे, असं बाबा समजावून सांगत होते, आणि बायांच्या रांगेत माझ्या शेजारी माय हलायला लागली. आधी गुडघे, मग खांदे. पदर पडला, अंबाडा सुटला, आणि तिच्या गळ्यातून असा काही आवाज यायला लागला की मी आनंदला घट्ट धरून भिंतीला सरकले. बाबा वाचता वाचता थांबले. "आंगात आलं वाट्टे," माणसांतून कोणीतरी म्हणालं. "आपल्यात तसं नसते," दुसरा लगेच म्हणाला.

आणि भागाबाई उठली. तिने ठरवून केलं नाही, ते तिच्या हातांनीच केलं. ती मायपुढे मांडी घालून बसली, सवयीने मायच्या कपाळाला बोट लावलं, कुंकू नव्हतंच, नुसतं बोट. आणि विचारलं, "कोन हायेस तू माय?"

माय थरथरत होती. मग तिने भागाबाईकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत तिने कोणाकडे तसं पाहिलं नव्हतं. "मी कोनी नाई व भागामाय," ती म्हणाली. "मी जनाच हाव."

"कायले आली?"

"मले मालूम नाई."

"काय पाह्यजे तुले?"

"झोप पाह्यजे," माय म्हणाली. "मले झोप येत नाई. लेकरू मांडीवर असते तं कोना दुसऱ्याचं वाट्टे. भाकर करतो तं हात माहे नाई वाटत. सकाळी उठूच नोये असं वाट्टे मले, रोज वाट्टे." हे सगळं ती हळू आवाजात बोलली, देवीसारखं ओरडून नाही. भागाबाईने तिचं डोकं छातीशी घेतलं. "झोप देतो माय तुले," ती म्हणत राहिली. "देतो, देतो." बाबा पोथीवर हात ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. बायको काय म्हणाली ते त्यांना ऐकू आलं असणार, पण त्यांच्या कानात त्याआधी शिरलेलं वाक्य होतं, आंगात आलं वाट्टे.

दुसऱ्या दिवसापासून दुपार झाली की भागाबाई कुडाच्या फटीतून यायची. आनंदला आपल्या मांडीवर घ्यायची, मायला समोर बसवायची आणि थोडं थट्टेने, थोडं खरंच विचारायची, "कोन हायेस तू?" "जना." "काय पाह्यजे?" कधी माय म्हणायची, अंबाडीची भाजी, पण मी नाही करणार. मग भागाबाई करायची. कधी म्हणायची, काही नाही. कधी म्हणायची, "रडू येत नाई, रडू पाह्यजे." "मंग बस, माह्याजोळ बस. यीन त्याले यायचं तं." आणि रोज, विचारून झालं की, भागाबाई तिला वाकळीवर निजवायची आणि लेकराला घेऊन बाहेर बसायची. मला दम भरलेला असायचा, "कमे, कोंबडी ओरडली तं तिची मान मुरगळ, पन तुह्या मायले उठवू नोको." पुढे पुढे शेजारच्या बाया सुपात डाळ घेऊन निवडायला तिथेच येऊन बसू लागल्या. एकदा भागाबाईने सहज त्यांच्यातल्या एकीलाही तोच सवाल केला. ती बाई खडे वेचत होती, मान वर न करता म्हणाली, "माही पोरगी गेली, तिचं नाव कोनी घेत नाई घरात. नाव घ्या तिचं." आम्ही सगळ्यांनी तिच्या मुलीचं नाव घेतलं, एकेकीने. बस, एवढंच. आता याला गटचर्चा म्हणतात आणि चहा-बिस्किटं देतात. तेव्हा सुपात डाळ होती.

माय बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण भाजीत मीठ आलं. एका दुपारी ती वाकडी कोंबडी उंबऱ्यात आली तेव्हा मायने आत्याचं नाव घेऊन तिला हाकललं, आणि भागाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू पाऊस पडून पेरणी साधली. मी त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबांनी नुसती मान हलवली, पण जेवताना त्यांनी पुन्हा भाकर मागून घेतली.

मग किराण्याच्या दुकानात ती गोष्ट झाली. वरच्या आळीतला एक जण, शंभर वेळा बाबांच्या तोंडून टोपलीची गोष्ट ऐकलेला, चारचौघांत म्हणाला, "काय गा संपत, टोपलीतले देव वापस आले म्हन्ते तुमच्या इहारात? तुह्याच घरवालीच्या आंगात आले म्हन्ते." सगळे हसले. बाबा सामान न घेताच घरी आले. त्यांना कोणी मारलं असतं तरी ते इतके खचले नसते. ज्या माणसाने लहानपणापासून एका टोपलीच्या जोरावर मान ताठ ठेवली, त्याच्या डोक्यावर ती टोपली कोणीतरी परत ठेवली होती. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मला फक्त एवढं कळलं की बाबा जेवले नाहीत.

विहारात बैठक झाली. वस्तीतली जाणती माणसं, सगळी आमची, सगळी चांगली. त्यांचं म्हणणं पडलं की जनाबाईचं मन जुन्या देवांकडे ओढ घेतं आहे, तर तिने सगळ्यांसमोर दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा घ्याव्यात, म्हणजे गावाचंही तोंड बंद होईल. आजारी बाईला औषध द्यायचं सोडून आम्ही तिला दुसऱ्यांदा दीक्षा दिली. अशी चूक दुसऱ्या कोणाच्या हातून व्हायची नाही, ती आमच्याच हातून व्हायची, कारण आमच्याइतकं त्या देवांना कोणी भ्यालेलं नव्हतं, बुडवल्यानंतरसुद्धा. माय पांढरं लुगडं नेसून उभी राहिली. तिला सगळ्या प्रतिज्ञा तोंडपाठ, मला तिनेच शिकवलेल्या. कुठेही न अडखळता तिने त्या म्हटल्या. म्हणून झाल्यावर तिने बाबांकडे बघून विचारलं, "याच्यातली मी कोनती मोडली होती?" मग भागाबाईला ताकीद मिळाली की देवीचे सवाल वस्तीत पुन्हा विचारायचे नाहीत. "मी देवीले कुठी इचारतो बाप्पा?" भागाबाई म्हणाली. "मी जनाले इचारतो." "सवाल तं थेच हायेत ना," बैठकीतला एक जण म्हणाला. घरी येऊन बाबांनी पऱ्हाटीची पेंढी सोडली, कुडाची फट बुजवली, सुतळीने बांधली आणि वरून माती लिंपली. मी पाणी ओतून दिलं. माय ओसरीत आनंदला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होती.

वर्षावास संपायच्या आधीची एक सकाळ. मायने माझी वेणी घातली, रिबिनीची फुलं नीट ओढून बसवली. मग ती कुडाजवळ गेली आणि तिने हाक मारली, "भागामाय." पलीकडे खराट्याचा आवाज चालू होता, तो थांबला. "भागामाय, इचार ना व," माय म्हणाली. मला भागाबाई दिसत नव्हती, फक्त तिचा आवाज आला, आणि तो भागाबाईसारखा वाटत नव्हता. "जना, मले मनाई हाये माय. तुह्या मालकाले म्हन, मले बोलवा. मी आत्ता येतो." माय बराच वेळ त्या कुडाला तळहात लावून उभी होती. माती अजून पुरती वाळली नव्हती, तिच्या हाताचा ठसा उमटला. बाबा शेतावर गेलेले. मग तिने आनंदला माझ्याजवळ दिलं आणि धुणं घेऊन नाल्यावर गेली.

तिला डोहातून काढलं तेव्हा मी तिथे नव्हते. पण मी काठ पाहिला. धुणं पिळून दगडावर ठेवलेलं होतं, आनंदची दुपटी वेगळी, बाबांचं धोतर वेगळं. पाय घसरणारी बाई आधी धुण्याच्या घड्या करत नाही, एवढं सातवीतल्या पोरीला कळतं. "पाय घसरला," बाबा म्हणाले. वस्तीही म्हणाली, पाय घसरला, शेवाळ होतं. नंतर कोणी वेगळं काही पुटपुटलं तर उत्तर तयार होतं, आपल्यात तसं नसते. आनंद तेच ऐकत मोठा झाला, त्याने आपल्या मुलांनाही तेच सांगितलं. भागाबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, आनंदला तिनेच वाढवलं, पण कुडाची ती बुजवलेली जागा दिसू नये म्हणून तिने आपल्या बाजूला वाकळ टांगली होती. मी असं म्हणत नाही की फट उघडी राहिली असती तर माय वाचली असती. तिला डॉक्टर पाहिजे होता, औषध पाहिजे होतं, आणि ते तेव्हा आमच्या कल्पनेतही नव्हतं. पण जे एक होतं ते आम्ही लिंपून टाकलं. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. मीठ त्याच कोनाड्यात राहिलं. पाहुणे येत राहिले, जेवत राहिले, पण डोहाची आणि बुडबुड्याची गोष्ट बाबांनी त्यानंतर कोणालाही, कधीही सांगितली नाही.

माझी पोस्टातली नोकरी झाली, वाशीमला घर झालं, सुना आल्या. बाबा आता माझ्याजवळ असतात. कानांनी अधू झालेत, बाकी ठणठणीत. यंदा वर्षावासात मी त्यांना गावी घेऊन गेले. विहारात आता फरशी आहे, पंखे आहेत, माइक आहे. वाचन झाल्यावर जिल्ह्याच्या दवाखान्यातून आलेली एक पोरगी बोलायला उभी राहिली. केनवडकडची, आपल्यातलीच, जेमतेम पंचविशीची, मनाच्या आजाराबद्दल सांगत होती. बोलली छान, आमच्याच बोलीत. कोणी गप्प गप्प राहत असेल, जगावं वाटत नाही म्हणत असेल, तर भिऊ नका, त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, आणि मग त्याला दवाखान्यात आणा, सोबत या. विचारल्याने कोणाच्या मनात काही भरत नाही, उलट माणसाचा जीव हलका होतो. मागून एक माणूस म्हणाला, "मॅडम, आपल्यात तसं नसते."

बाबांना नीट ऐकू येत नाही म्हणून मी माणसांच्या बाजूलाच बसले होते. त्यांनी माझा दंड धरला. "काय म्हनून राह्यली थे पोरगी?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "थे म्हन्ते, मानसाले इचारत जा. काय होऊन राह्यलं तुले, काय पाह्यजे."

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मग ते माझ्या खांद्यावर भार देऊन उठले आणि वाचायला उभे राहायचे त्या जागी जाऊन उभे राहिले. माइक त्यांनी घेतला नाही. "माही बायको पाय घसरून नाई पडली," ते म्हणाले. आवाज चिरका झालाय, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "बिमार होती थे. तिले इचारनारी एक बाई होती वस्तीत. मी माह्या हातानं कुड बुजवला." एवढंच बोलून ते उभेच राहिले, पुढचं पान सापडत नसल्यासारखे. त्या पोरीने जवळ येऊन त्यांचा हात धरला. बायांच्या रांगेत कोणीतरी रडायला लागलं होतं.

बाहेर पायरीवर मी त्यांना चपला घालत होते. त्यांनी पाय मागे घेतला.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"धुणं पाह्यलं तवापासून."

"मंग येवढी वर्सं बोलली काहून नाई, कमल?"

"तुमी इचारलं नाई, बाबा."

ते पायरीवर बसले. मीही बसले, चप्पल हातातच. आतून लोकांचा आवाज येत होता, बोलण्याचाच, हळू, एकाच वेळी पुष्कळ जणांचा. मग बाबांनी माझ्या कपाळाला बोट लावलं. मला क्षणभर वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. ते सावकाश म्हणाले, "कोन हायेस तू?"

मला हसू आलं, आणि ते निम्म्यातच मोडलं. "कमल," मी म्हटलं. "जनाची कमल."

"काय पाह्यजे तुले?"

साठीला आलेली बाई मी, सुना-नातवंडांची. माझ्याजवळ सगळं आहे, असं मी विचारणाऱ्याला सांगते.

"मले माय पाह्यजे," मी म्हटलं.

"मलेबी," बाबा म्हणाले.